नुरा कुस्ती नेमकी कुणाची?

२४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत हल्क होगन वारला आणि त्या रात्री आमच्या जुन्या दोस्तांचे मोबाईल भरून गेले. पिवळी बनियन, लोंबत्या पांढऱ्या मिशा, कानामागं हात लावून गर्दीचा आवाज ऐकणारा तो फोटो आणि खाली “बालपण गेलं”, “लहानपणीचा हिरो हरपला”. हे दोस्त म्हणजे नव्वदच्या दशकात देवणीत वाढलेले आम्ही लोक. आज कुणी लातूरला आहे, कुणी नांदेडला, कुणी पुण्याकडं कंपनीत. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी घरात बाबासाहेबांचा फोटो लावलेला आहे, १४ एप्रिलला निळा फेटा बांधला जातो. अशा लोकांनी होगनला श्रद्धांजली वाहिली.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. आम्हालाही त्याच्याशी वैर नाही. पण काही गोष्टी नोंदवायला हव्यात. २०१५ साली याच होगनच्या तोंडचे काळ्या माणसांबद्दलचे वर्णद्वेषी उद्गार बाहेर आले आणि त्याच्या कंपनीने त्याला काढून टाकलं. तीन वर्षांनी मानाच्या यादीत परतही घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या कार्यक्रमात तो लोकांसमोर आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. म्हणजे तिथल्या प्रेक्षकांना जे आठवत होतं, ते आमच्या वस्तीतल्या पोरांच्या स्टेटसमध्ये कुठंच नव्हतं. असं का झालं? आम्ही इतकी वर्षं पाहत काय होतो? आणि ते पाहताना आम्हाला काय दिसत नव्हतं? या प्रश्नांसाठी हा लेख.

मास्तरांचा टीव्ही

तेव्हा देवणी तालुका झाला नव्हता. १९९९ पर्यंत आम्ही उदगीर तालुक्यातले. गावाचं नाव बाहेर ओळखलं जायचं ते देवणी वळूमुळं. वानेरा, बालंक्या, शेवरा असे त्या जनावरांचे प्रकार आमच्याकडच्या लहान पोरालाही सांगता येतात. जनावराची जात अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या रंगावरून ओळखतात. माणसाची जात ओळखायला रंगसुद्धा लागत नाही, आडनाव पुरतं. असो.

आमच्या वस्तीत पहिला रंगीत टीव्ही आला तो एका मास्तरांच्या घरी. बाबासाहेबांनी दिलेल्या आरक्षणातून मिळालेली नोकरी, नोकरीच्या पगारातून घेतलेला टीव्ही. त्याआधी गावात टीव्ही पाहायचा तर दुसऱ्याच्या अंगणात, खिडकीबाहेर उभं राहून. कुणी हटकलं की निघायचं. मास्तरांच्या घरी मात्र आम्ही आत, सतरंजीवर बसलो. वस्तीतली पोरं आत बसून टीव्ही पाहतात ही त्या काळातली मोठी गोष्ट होती. आजच्या पोरांना ती कळणार नाही. आरक्षणानं काय दिलं असं विचारणाऱ्यांना आम्ही ही सतरंजी दाखवतो.

केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ लागायचं. घंटेचा टोला पडायचा, अंधार व्हायचा आणि लांब काळा कोट घातलेला अंडरटेकर सावकाश चालत यायचा. लाईट नेमकी तेव्हाच जायची! गुलाबी-काळ्या कपड्यातला ब्रेट हार्ट, नाचत येणारा शॉन मायकल्स, डोंगराएवढा योकोझुना. दुकानात ट्रम्पकार्ड मिळायचे. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढल्या, किती जिंकल्या, सगळं त्यावर छापलेलं. आमच्यातल्या काहींनी इंग्रजी आकडे त्या पत्त्यांवरच पक्के केले. १९९६ साली ‘खिलाडियों का खिलाडी’ आला आणि अक्षय कुमारनं अंडरटेकरला उचलून आपटलं म्हणून शाळेत आठवडाभर भांडणं झाली. तो खरा अंडरटेकर नव्हता, ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता, आणि त्यानेच १९९४ साली टीव्हीवरच्या खेळातही डुप्लिकेट अंडरटेकर म्हणून काम केलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आमच्या टोळीत एक पोरगा होता. उंच, हाडापेरानं मजबूत, केस मानेवर आलेले. त्याला आम्ही अंडरटेकर म्हणायचो. त्याचे वडील हलगी वाजवायचे. या लेखात त्याचं खरं नाव देत नाही. अंडरटेकर एवढंच पुरे.

“ते सगळं खोटं असतं”

हे पाहताना मोठी माणसं एक वाक्य हमखास टाकायची : “कशाला बघता रे, ते सगळं खोटं असतंय. नुरा कुस्ती हाय ती.” नुरा कुस्ती म्हणजे आतून मिळून, निकाल आधी ठरवून केलेली लढत. गुरुजी हेच म्हणायचे, पेपरात हेच छापून यायचं. आणि त्याला जोडून दुसरं वाक्य : “खरी कुस्ती बघायची तर आपल्या लाल मातीतली बघा.”

पहिलं वाक्य बरोबर होतं. आम्ही उगाच वाद घालायचो. ती लढत ठरवलेली असते हे त्या कंपनीनेच १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढं कबूल केलं होतं. कारण सरळ पैशाचं होतं. खरा खेळ म्हटलं की सरकारी देखरेख आणि कर आले, करमणूक म्हटली की त्यातून सुटका. म्हणजे आम्ही देवणीत “खरं आहे, खरं आहे” म्हणून भांडत होतो, तेव्हा मालकाने “खोटं आहे” असं सांगून काही वर्षं झाली होती.

प्रश्न दुसऱ्या वाक्याचा आहे. लाल मातीतली कुस्ती खरी असते का? कुस्तीबद्दल आमच्या मनात आदरच आहे. आमच्याच लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० साली एडिंबरा इथं राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणलं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. दोन पैलवान एकमेकांना भिडले की पुढचं सगळं खरं असतं. डाव खरा, घाम खरा, चितपट खरी. पण ते दोघं भिडण्याआधी काहीतरी ठरलेलं असतं. कोण कुणाशी भिडणार, आणि कोण कुणाशीच भिडणार नाही.

जोड नाही

ज्यांनी जत्रेतला फड पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कुस्ती मागणारा पैलवान फडात उतरतो, माती कपाळाला लावतो. पंच त्याचा हात धरून त्याला गोल फिरवतात. गर्दीतून त्याच्या तोलाचा कुणीतरी उठतो, हाताला हात लावतो. यालाच जोड लागली म्हणतात. रेवड्या-नारळापासून सुरू होऊन हजारोंच्या इनामापर्यंत कुस्त्या चढत जातात. या सगळ्याला रंग आणते ती हलगी. हलगी कडाडली नाही तर पैलवानाच्या अंगात वारं शिरत नाही, असं पैलवानच सांगतात.

आमचा अंडरटेकर शाळेच्या मैदानावर भल्याभल्यांना पाडायचा. एका जत्रेत, गावाचं नाव सांगत नाही, तो फडात उतरला. आम्ही पाच-सहा जण कडेला बसलो होतो. हलगी त्याचे वडीलच वाजवत होते. पंचांनी त्याला एक फेरी मारली. कुणी उठलं नाही. दुसरी फेरी मारली. त्याच्याच वजनाची चार-पाच पोरं लंगोट कसून समोर बसली होती. त्यातला एक उठायला लागला, तर बाजूच्यानं त्याचा हात दाबून खाली बसवला. हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं. पंच म्हणाले, “जोड नाही.” त्याच्या हातात एक नारळ दिला आणि त्याला बाहेर काढलं. मराठीत नारळ देणे याचा दुसरा अर्थ काय होतो तो वाचकांना माहीत आहेच.

लगेच पुढचा पैलवान आला. त्याच्या फेरीत जोड लागली. आणि हलगी कडाडली. हलगी थांबलीच नव्हती. पोराला नारळ देत होते तेव्हाही बाप वाजवत होता, कारण थांबण्याची मुभा त्याला नव्हती.

कुणी शिवी दिली नाही. कुणी हात उगारला नाही. पोलिसात जावं असं काही घडलं नाही. ॲट्रॉसिटीच्या कायद्यात बसवावं असंही काही नाही. फक्त जोड लागली नाही. अंगाला अंग लागेल, घाम घामात मिसळेल आणि समजा आपलं पोरगं खाली आणि हलगीवाल्याचं पोरगं वर राहिलं तर गावात तोंड कसं दाखवायचं, एवढाच विचार. ही नुरा कुस्ती नव्हे तर काय? फरक एवढाच की अमेरिकेतल्या मालकाने आपला खेळ ठरवलेला असल्याचं सरकारपुढं कबूल केलं. आमच्या फडाच्या मालकांनी अजून कबूल केलेलं नाही.

पात्र कोण वाटतो?

आता मोबाईलवर ते जुने खेळ पुन्हा पाहता येतात. आम्ही मुद्दाम पाहिले. लहानपणी कोण जिंकतो एवढंच पाहायचो. आता कुणाला कोणतं पात्र दिलं आहे ते पाहिलं.

कमाला नावाचा पैलवान होता. ‘युगांडाचा राक्षस’ म्हणून त्याला आणायचे. अनवाणी, तोंडाला आणि पोटाला रंग फासलेला, हातात भाला. शिकारी साहेबाची टोपी घातलेला एक माणूस त्याला हाकत आणायचा. समोरच्याला चीत कसं करायचं हेसुद्धा त्याला कळत नाही असं दाखवायचे. हा माणूस युगांडाचा नव्हताच. त्याचं नाव जेम्स हॅरिस, अमेरिकेतल्याच मिसिसिपी राज्यातला. गोऱ्या पैलवानांच्या मानाने आपल्याला फार कमी पैसे मिळाले, असं तो पुढं मुलाखतींत सांगत राहिला. मधुमेहानं त्याचे पाय गेले. २०२० साली तो वारला.

चार्ल्स राईट नावाच्या दुसऱ्या काळ्या पैलवानाला आधी पापा शांगो बनवलं. कवट्या आणि जादूटोणा करणारा मांत्रिक. मग कामा म्हणून भांडखोर. मग गॉडफादर, म्हणजे बायकांचा दलाल. एकाच माणसाला कंपनीने मांत्रिक, गुंड आणि दलाल अशी तीन पात्रं दिली. योकोझुना जपानी सुमो म्हणून यायचा. तो सामोअन घराण्यातला, कॅलिफोर्नियाचा माणूस.

आणि व्हर्जिल. टेड डिबियासी नावाचा ‘मिलियन डॉलर मॅन’ होता. पैशाने जगात काहीही विकत घेता येतं म्हणणारा. व्हर्जिल हा त्याचा काळा नोकर. धन्याचे पाय चोळायचे, धन्याच्या नोटा सांभाळायच्या. जानेवारी १९९१ मध्ये लढत संपल्यावर धन्यानं हुकूम सोडला की माझा पट्टा उचल आणि माझ्या कमरेला बांध. व्हर्जिलनं पट्टा उचलला आणि धन्यालाच मारला. सभागृह वेडं झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने तो पट्टा जिंकला. पण नोव्हेंबरमध्ये पट्टा परत धन्याकडं गेला. बंड दाखवलं, टाळ्या घेतल्या, तिकिटं विकली आणि तीन महिन्यांत जैसे थे केलं. कारण व्हर्जिलचं बंडही मालकाच्या कागदावर लिहिलेलं होतं.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये दाखवून दिलं की जात ही कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि ती जन्माआधी झालेली असते. कुवत विचारली जात नाही, आवड विचारली जात नाही. कमालाला कुणी विचारलं नाही की तुला इंग्रजी बोलता येतं का. आमच्या दोस्ताच्या वडिलांना कुणी विचारलं नाही की हलगी वाजवायची आहे का. पात्र आधी ठरतं, माणूस नंतर त्यात कोंबला जातो. जेम्स हॅरिसला निदान रंग पुसून घरी जाता येत होतं. आपल्याकडं हा रंग पुसता येत नाही. गाव बदललं तरी तो आडनावातून सोबत येतो.

आम्ही कुणाला शिव्या देत होतो?

आता आमची स्वतःची चूक सांगतो. १९९६ ते १९९८ या काळात त्या खेळात ‘नेशन ऑफ डॉमिनेशन’ नावाची टोळी होती. बहुतेक सगळे काळे पैलवान. पुढारी फारूक, म्हणजे रॉन सिमन्स. मूठ वर करून सलाम करायचे, आम्हाला डावललं जातं असं माईकवर ओरडून सांगायचे. ही सगळी मांडणी काळ्या माणसांच्या चळवळींवरून, ब्लॅक पँथरसारख्या संघटनांवरून उचललेली होती. आणि कंपनीने त्यांना खलनायक बनवलं होतं.

देवणीच्या वस्तीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून आम्ही त्यांना शिव्या दिल्या. “हे लई माजलेत, मारा ह्यांना” असं ओरडलो. हक्क मागणाऱ्याला माजलेला म्हणतात हे वाक्य आम्ही आमच्याबद्दल गावात रोज ऐकत होतो आणि तेच वाक्य टीव्हीसमोर बसून दुसऱ्याला म्हणत होतो.

पुढं कॉलेजात गेल्यावर वाचलं की १९६६ साली अमेरिकेत उभ्या राहिलेल्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ती वर केलेली मूठ आमच्याच नात्यातली होती. रॉन सिमन्स हा माणूस २ ऑगस्ट १९९२ रोजी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत जगज्जेता झाला होता आणि पहिला काळा जगज्जेता म्हणून त्याची नोंद आहे, हेही तेव्हाच कळलं. आमच्या पडद्यावर मात्र तो फक्त ‘माजलेला’ म्हणून आला. करमणूक आपल्याला मारत नाही, ती आपल्याच माणसाविरुद्ध आपल्याकडून टाळ्या वाजवून घेते. आज जे चॅनेल, जे सिनेमे, जे मोबाईलवरचे व्हिडिओ आपली पोरं पाहतात, त्यांत खलनायकाच्या जागी कुणाला बसवलं आहे हे पाहायला आपण त्यांना शिकवतो का?

घंटा आणि निकाल

होगनकडं परत येतो. ४ एप्रिल १९९३ ला लास वेगासमध्ये जगज्जेतेपदाची लढत ब्रेट हार्ट आणि योकोझुना यांच्यात होती. योकोझुना जिंकला. त्या लढतीत नसलेला होगन बाहेरून आला, अर्ध्या मिनिटाच्या आत योकोझुनाला पाडलं आणि पट्टा घेऊन गेला. मेहनत एकाची, जिंकला दुसरा, पट्टा तिसऱ्याच्या कमरेला. ज्यांनी ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवरच्या सरपंचामागं बसून कारभार करणारे पाहिले आहेत, त्यांना हे नवीन नाही.

९ नोव्हेंबर १९९७ ला मॉन्ट्रियलमध्ये उलटं झालं. कॅनडाचा ब्रेट हार्ट आपल्याच देशातल्या लोकांसमोर शॉन मायकल्सशी लढत होता. त्याने हार मानली नव्हती. मालक विन्स मॅकमहन रिंगच्या कडेला आला आणि त्याने घंटा वाजवायला लावली. लढत संपली, पट्टा गेला. ठरलेली लढतसुद्धा ठरल्याप्रमाणं झाली नाही. जगज्जेताही अखेर कामगारच निघाला. त्या कामगारांची संघटना कधी झाली नाही. १९८६ च्या सुमारास जेसी व्हेंच्युरा याने संघटनेची भाषा केली, तेव्हा ही बातमी मालकाच्या कानावर घातली ती होगनने, असं व्हेंच्युराने जाहीरपणे सांगितलं आहे. स्वतंत्र मजूर पक्ष काढणाऱ्या बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी श्रद्धांजली लिहिताना हेही लक्षात ठेवावं.

मॉन्ट्रियलच्या त्या घंटेबद्दल जगभर अजून चर्चा होते. मराठवाड्यात याहून मोठी गोष्ट घडली आहे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव एकमताने केला. घंटा वाजली, निकाल लागला. पण पट्टा दिला नाही! उलट गावोगाव आमच्या वस्त्या पेटवल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना जिवंत मारलं. १९९३ साली नांदेडमध्ये गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला, साडेपंधरा वर्षांनी, नामांतराऐवजी नामविस्तार मिळाला. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. लातूर जिल्ह्यातली कॉलेजं त्याच्याकडं गेली. नवं विद्यापीठ जवळ आलं हे विद्यार्थ्यांच्या सोयीचंच झालं, त्याला आमचा विरोध नाही. पण ज्या नावासाठी नांदेडच्या माणसांनी जीव दिला, ते नाव देवणीच्या पोराच्या पदवीवर आलं नाही, ही नोंद राहिली पाहिजे.

“तुम्ही सगळीकडं जात आणता”

हा लेख वाचून काही जण म्हणतील की लहानपणीच्या करमणुकीतही तुम्ही जात शोधता. उत्तर सोपं आहे. आम्ही आणली नाही, ती तिथंच होती. फडात कुणाची जोड लागते हे ज्यांनी ठरवलं, त्यांना विचारा.

दुसरे म्हणतील, डब्ल्यूडब्ल्यूएफमुळं आपली माती मेली, तालमी ओस पडल्या. तालीम ही फक्त कुणा एकाची मालमत्ता कधीच नव्हती. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे तालीम चालवत होते. जन्म १७९४ चा, मातंग समाजात. त्यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. म्हणजे महाराष्ट्रातल्या समतेच्या लढ्याचा वस्ताद मांगवाड्यातून आला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभं केलं, आणि त्याच महाराजांनी १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांना पुढं केलं. माती आमचीही आहे. आमचा आक्षेप जोड लावणाऱ्या हातांवर आहे.

यात आम्हीही सुटत नाही. मास्तरांच्या घरात सतरंजीवर आम्ही बसायचो, पण आमचा अंडरटेकर बऱ्याचदा उंबऱ्याजवळ बसायचा. त्याला कुणी तिथं बसायला सांगितलं नव्हतं. कुणी पुढं बोलावलंही नव्हतं. तो मांगवाड्यातला, आम्ही भीमनगरातले. त्या जत्रेतून परत येताना आम्ही त्याला “जाऊ दे रे” एवढंच म्हणालो. आमच्यातला कुणीही पंचांसमोर उभा राहिला नाही. श्रेणीबद्ध असमानतेत प्रत्येकाला आपल्याखाली कुणीतरी मिळतो म्हणून ती टिकते, हे बाबासाहेबांनी सांगितलं. आम्ही ते भाषणात सांगतो. उंबरा मात्र तेव्हा आम्हाला दिसला नाही.

होगन गेला त्या रात्री त्याने स्टेटस ठेवलं नाही. तो पुण्याकडं एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी आहे. दोन दिवसांनी फोन झाला. कमालाची, व्हर्जिलची गोष्ट आम्ही त्याला सांगितली, काळ्या पैलवानांना कसं वागवलं ते सांगितलं. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, “तरी बरंच की. तितं काळ्याला हारायला तरी आत घेत होते. मला हारायलाबी घेतले नाहीत.”

आम्हाला काही बोलता आलं नाही.

पण त्याच्या या वाक्यावर थांबून चालणार नाही. हरण्यासाठी आत घेतलं म्हणून समाधान मानायचं नाही, आणि मालकाने लिहून दिलेल्या विजयावर नाचायचंही नाही. स्पर्धेतल्या गादीवरच्या कुस्तीत पैलवान आधी वजनकाट्यावर उभा राहतो आणि जोड चिठ्ठीने ठरते. वजनकाटा आडनाव विचारत नाही. संविधान म्हणजे हाच वजनकाटा आहे, आणि तो जत्रेच्या फडातही आला पाहिजे. आमची मागणी साधी आहे. ज्या जत्रेला ग्रामपंचायतीचा किंवा सरकारचा एक रुपया लागतो, तिथल्या कुस्त्या वजन करून आणि चिठ्ठ्या काढून लावा. जोडीची यादी आदल्या दिवशी फळ्यावर लावा. यात्रा समितीत आणि पंचांत बौद्ध, मातंग, चर्मकार, मुस्लिम, भटके सगळे घ्या. हलगीवाल्याला ठरवून बिदागी द्या, उरल्यासुरल्या नारळावर भागवू नका. आणि त्याला वाजवायचं नसेल तर थांबण्याचा हक्क द्या.

आणि आपल्या लोकांना सांगणं आहे की भीमनगर आणि अण्णा भाऊ साठे नगर यांच्यात तालीम एकच काढा. लहुजींचा आणि बाबासाहेबांचा फोटो एकाच भिंतीवर लावा. पहिल्या दिवशी दोन्ही वस्त्यांतली पोरं एकमेकांशी भिडू द्या.

आमच्या अंडरटेकरला एक मुलगा आहे. नववीत आहे, बापासारखाच उंच. पुढच्या जत्रेत तो फडात उतरला, तर या वेळी आम्ही कडेला बसणार नाही.

जय भीम! जय लहुजी!